बघूनच मन भरलं

आमच्या वैनीला कशाचाही आग्रह केला की तिचं उत्तर ठरलेलं, "बघूनच मन भरलं माझं." पंगतीत जिलेबी संपत आली तरी हेच, नणंदेला, म्हणजे मला, नवी साडी आली तरी हेच. आणि हे म्हणताना ती इतकी मोकळी हसायची की समोरच्याला ते खरं वाटावं. टेंभुर्णीला आमच्या घरामागे पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असतानाही तिचं हसू पलीकडे ऐकू जायचं आणि गिरणीवाले काका भिंतीवरून विचारायचे, "आज काय झालं हो तुमच्या सूनबाईला?" आईला हे मुळीच आवडत नसे. सुनेनं हसावं, पण ओठ मिटून, असं तिचं मत होतं.

वैनीचं ते वाक्य आमच्या घराच्या फार पथ्यावर पडलं. जत्रेत आम्ही आकाशपाळण्यात बसायला निघालो की पायातल्या चपला वरून पडू नयेत म्हणून तिच्याजवळ द्यायचो. पर्स, मोबाइल, रडकी पोरं, सगळं तिच्याकडे. तिची पाळी यायच्या वेळेला कुणीतरी ओरडायचंच, "जल्दी चला, जीप भरली." की ही म्हणायची, बघूनच मन भरलं. गंमत अशी की घरी आल्यावर पाळण्याचं वर्णन तीच करायची. वर गेल्यावर पोटात खड्डा कसा पडतो, खालची माणसं कशी हरभऱ्याएवढी दिसतात, सगळं रंगवून सांगायची. "तू कधी बसलीस गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ताई, तुम्ही वर डोळे मिटून घेता. मी खालून उघडे ठेवून बघते."

लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस गेले. आईनं रोज डोहाळे विचारायला सुरुवात केली. चिंच आणू का, कैरी आणू का, मंठ्याहून तुझ्या आईच्या हातचे धपाटे मागवू का? वैनीला काहीच नको होतं. माझ्या भावाचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या वर्षी एका कंपनीनं दुकानदारांना सहकुटुंब सहल दिली होती, घाटाखालच्या एका मोठ्या थीम पार्कची. दादा मित्राला घेऊन जाणार होता. जेवताना तो विषय निघाला आणि वैनी ताट पुसता पुसता म्हणाली, "आई, मला तिथं जायचंय."

आईचा घास हातातच राहिला. "डोहाळे खायचे असतात बाई, पाळण्यात बसायचे न्हाई."

"बसायचं कुठं म्हणून राह्यले? बघायचं तर हाय."

डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. आयुष्यभर नातवाच्या कानात कापूस कोंबायची आईची तयारी नव्हती. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनीही तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. जा, पण कशातही बसू नका, पाणी पीत राहा, थोडं चाला, थोडं बसा. वैनीच्या दिमतीला म्हणून मलाही धाडलं. मी तेव्हा जालन्यात वसतिगृहावर राहून शिकत होते. सहल म्हटल्यावर मला कशाला आग्रह लागतो?

त्या पार्कात पहिल्याच मोठ्या पाळण्यापाशी पाटी होती, गरोदर स्त्रियांनी यात बसू नये. वैनीनं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "बघा ताई, मी येणार म्हणून यांना आधीच कळलं व्हतं." मग समोरच्या बाकावर ती ऐसपैस बसली. पांढरे कपडे घातलेले, पोटं सुटलेले आमचे दुकानदार एकेक करून तिच्यापुढे चपला ठेवून वर गेले. वर गेल्यावर त्यांनी जो काही टाहो फोडला! दुकानात शेतकऱ्याशी गुर्मीत बोलणारी माणसं, आईचा धावा करू लागली. वैनी पोट धरून हसत होती. "अहो, तुमचे मित्र गावाकडचे सारे देव बोलावून राह्यलेत," असं दादाला ओरडून सांगत होती. रांगेतली अनोळखी माणसं पाळणा सोडून तिच्याकडे बघायला लागली, आणि आपण का हसतोय हे न कळता हसायला लागली.

ती बसली फक्त एका गाडीत. लहान पोरांसाठी असते ती, झाडांतून बैलगाडीच्या चालीनं जाणारी. तिथल्या पोरीनं तिच्या पोटाकडे पाहिलं, हसली आणि हात धरून आत बसवलं. फेरी संपली तेव्हा वैनी उतरेचना. "अजून एक," म्हणाली. तिनं कशासाठी तरी हट्ट केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. दुपारी उथळ पाण्यात पाय सोडून तिनं मक्याचं कणीस खाल्लं. अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस फोटोसाठी जवळ आला, तर ही त्याला विचारते, "आत लई उकडत असंल ना रे बाबा?" आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या पंज्यात दिली. अस्वलानं मान हलवली. दादानं नेमका तोच फोटो काढला.

संध्याकाळी दिवे लागले. मोठा पाळणा आभाळाला टेकल्यासारखा फिरत होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी चिडवलं, "काय, बघूनच मन भरलं ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "भरलं न्हाई आज. बाळंतपण होऊ द्या ताई, पुढल्या साली परत येऊ. मंग मी वर, अन् तुम्ही चपला धरा."

दादानं तो अस्वलाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला. साऱ्या गावानं पाहिला. पुढचं सगळं या फोटोवरून घडलं, म्हणजे माणसांनी तसं घडवलं.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, मग तोंडही सुजलं. शेजारणी म्हणाल्या, अंगावर पाणी आलंय, मुलगाच होणार. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आईनं निदान केलं, नजर लागली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. आमच्याकडे मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर जबर समजतात. ठसका आला नाही. "बघ, एवढ्या मिरच्या जळल्या अन् खाकरासुद्धा न्हाई. साऱ्या गावाची नजर हाय," असं आई म्हणाली म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आई, जालन्याला दाखवून येऊ का?" असं वैनीनं एकदा विचारलं होतं. पेरणीचे दिवस, दुकानात बियाण्याला झुंबड. आई म्हणाली, "अवस होऊ दे, मंग जाऊ." वैनी बरं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

अवसेच्या आदल्या दिवशी तिला झटके आले. जीपमधून जालन्याला आणलं. मी वसतिगृहातून धावत दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. पोट फाडून मुलगी काढली. मुलगी रडली. वैनीनं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रक्तदाब किती चढला होता! डोकं दुखत होतं तेव्हाच का नाही आणलं?" दादा नुसता म्हणाला, "नजर काढल्ती, मॅडम." त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

दहाव्याला आलेल्या बायकांना कारण आधीच सापडलं होतं. पोटुशी असून पाळण्यात बसली, दुसरं काय होणार? ती पाळण्यात बसली नव्हती, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण फोटोत ती हसत होती आणि मागं पाळणा दिसत होता. गावाला तेवढा पुरावा पुष्कळ झाला. माझ्या आईनंही तेच धरून ठेवलं. माझी आई दुष्ट नाही. सुनेच्या जाण्यानं ती निम्मी झाली. पण मिरच्या तिच्या मुठीत होत्या, आणि पाळण्याला दोष दिला नाही तर तिला ती मूठ उघडून बघावी लागेल. मला हे कळतं. तरी मला तिचा राग येतो, आजही येतो.

त्या मुलीला आईनंच वाढवलं. तिचं नाव गार्गी. आता नऊ वर्षांची आहे. जत्रेतला पाळणा तिला बंद, शाळेची सहल बंद, नागपंचमीचा झोकासुद्धा बंद. "तुझ्या मायला पाळण्यानं नेलं," हे ऐकत ती मोठी झाली. दिवाळीत मी तिची वेणी घालत होते, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, माझ्या आईला माझ्यापेक्षा पाळणा जास्त आवडायचा का?"

माझ्या हातातली वेणी सुटली.

मी आता जुन्या जालन्यात राहते. मलाही सहावा महिना लागलाय. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून, रक्तदाब मोजून घेऊन, मी नवऱ्याला म्हटलं, आपण गार्गीला घेऊन त्या पार्कात जायचं. आईनं फोनवर आकांत केला, "एक गेली तेवढं बस न्हाई का? तू पोटुशी हायेस!" दादा मात्र गार्गीला स्वतः आणून सोडून गेला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला तेवढाच.

पाटी तिथंच आहे, बाकही तिथंच आहे. मी बाकावर बसले. गार्गी चपला काढून माझ्या नवऱ्याबरोबर वर गेली. पहिली फेरी तिनं डोळे घट्ट मिटून काढली, मला खालून दिसत होतं. खाली आली तेव्हा माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "आई कुठं बसली होती?"

"पाळण्यात नाही बसली ती कधीच. इथं बसली होती, या बाकावर. सगळ्यांच्या चपला सांभाळत. आणि तू तिच्या पोटात होतीस."

तिनं बाकावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पप्पा म्हणतात, आईचं बघूनच मन भरायचं. खरंच भरायचं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "भरलं नव्हतं. तुला घेऊन परत येणार होती. ती वर बसणार होती."

गार्गी बराच वेळ पाळण्याकडे बघत राहिली. मग उठली आणि एकटीच पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. पाळणा वर गेला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. मी तिच्या चपला मांडीवर घेतल्या.