उर्वशीच्या कॅलऱ्या

मंगली हे तिचं घरचं नाव. पण आमच्या वडसा गावात मंगली म्हणून विचाराल तर पत्ता लागायचा नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात वर्षानुवर्षं नायिका रंगवलेली उर्वशी म्हणा, पानठेलेवाला हातातलं पान खाली ठेवून घर दाखवायला यायचा. यायचा म्हणते मी, आताचं विचारू नका. गावोगावची मंडळं नाटक ठरवायला कंपनीच्या ऑफिसात आली की नाटकाचं नाव नंतर, आधी हे विचारत, "उर्वशी हाये ना भाऊ?"

बाई गुणाची आणि तितकीच फटकळ. ढिवराच्या घरात जन्मली. लहानपणी बापासोबत तलावात डोंगा वल्हवला, जाळी ओढली, आणि मोठी होऊन अशी रडायला शिकली की पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत. कुणी शिट्टी मारली तर चालू प्रवेश थांबवून "घरी मायबहीण नाई का रे?" असं विचारायची छाती तिचीच. लग्न केलं नाही. अख्खा हंगाम गावोगाव फिरणारी बायको कुणाला हवी असते! घरात म्हातारी आई सोमारी आणि ती.

तर गेल्या उन्हाळ्यात कंपनीचा मालक देवानंद चार माणसांत तिला म्हणाला, "उर्वशी, यंदा तू आईचा पार्ट कर बाप्पा. अंग सुटलं तुझं. नव्या नाटकात हिरो नायिकेले उचलते, अन् तुले उचलता उचलता तो दवाखान्यात जाईन."

सगळे हसले. का नाही हसणार? मालकाच्या विनोदाला हसायचंच असतं. त्या देवानंदचं स्वतःचं पोट टेबलाला अडकतं, ते कुणी बोललं नाही. आणि तो हिरो! पन्नाशीचा बाप्या, केसांना काळा रंग थापून अजून कॉलेजात जातो नाटकात. त्याच्याहून कितीतरी लहान असलेल्या बाईने म्हणे त्याची आई व्हायचं. मला आजही आठवलं की संताप येतो.

उर्वशी काही रडली नाही. म्हणाली, "आईचा पार्ट मी करत नाई. दसऱ्याले तालीम सुरू होते ना? तवापर्यंत बारीक होऊन दाखवीन."

"बघू. पण मंग आईचा पार्ट मी दुसरीले देऊन टाकतो. नंतर मागाले येशीन तं चालनार नाई."

"माही जुती येते मागाले," असं म्हणून ती निघाली.

राईसमिलच्या मागे नवी जिम निघाली होती. दुपारची वेळ बायकांची. तिथला राजदीप म्हणून पोरगेलासा ट्रेनर तिला धावायच्या पट्ट्याकडे नेत होता, पण तिची नजर गेली कोपऱ्यात. तिथे वल्हवायचं मशीन होतं. बसायला सरकती सीट, पाय अडकवायला पट्टे, ओढायला दांडा, आणि दांड्याबरोबर फिरणारं चाक. नागपूरहून कुणाची तरी जुनी वस्तू उचलून आणलेली, त्यावर कुणी बसत नव्हतं. "हे मले येते," ती म्हणाली आणि बसली. खरंच आलं तिला. ढिवराची पोर ती. फरक एवढाच, की तलावात वल्हं मारलं की काठ जवळ येतो, आणि इथे कितीही ओढा, समोरची भिंत तिथल्या तिथेच.

पण मशीनला एक छोटा पडदा होता आणि त्यावर कॅलऱ्यांचा आकडा वाढत जायचा. राजदीपने सांगितलं, एवढ्या कॅलऱ्या तुम्ही जाळल्या. उर्वशीला ते फार आवडलं. पंधरा वर्षांत तिच्या मेहनतीचा आकडा असा तोंडासमोर कुणी दाखवला नव्हता. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर तीनशे आले तेव्हा तिने घामेजल्या हातांनी टाळी वाजवली.

आणि इथेच चुकली. मोबाइलवर तिने बघितलं की एका समोशात अडीचशेच्या आसपास कॅलऱ्या. तीनशे जाळल्या, अडीचशे खाल्ल्या, वरून पन्नासचा फायदाच! नाटकवाल्यांना भूक फार. जिममधून निघायचं, चौकात समोसा खायचा, वर गोड चहा, आणि घरी येऊन सोमारीच्या हातचा झिंग्यांचा रस्सा नि भात. मनात कुठे खटका नाही. पडद्याने परवानगी दिली होती ना!

महिना-दीड महिन्याने ती वजनकाट्यावर चढली. वजन वाढलं होतं.

राजदीपला तिने भर जिममध्ये असं झापलं की बाकीच्या बायका व्यायाम विसरल्या. "खोटं बोलते तुही मशीन! रोज तीनशे जाळते म्हनते, मंग गेल्या कुठी त्या?"

पोरगा चांगला होता बिचारा. त्याने समजावलं. "ताई, मशीनले तुमचं वजन मालूम नाई. वय नाई, बाई का मानूस तेही नाई. चाक किती फिरलं तेवढंच तिले समजते. बाकी हिशेब तिच्यात आधीच भरून ठेवला, अन् तो एखाद्या दणकट बाप्याचा हाये. मंग असं अजमासानं सांगते ते. तुमच्या खरोखरच्या त्याहून कमीच. पाऊण धरा."

इतके दिवस उर्वशी ज्याच्या नावाने समोसे खात होती तो कुणी परका बाप्याच होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. ऑफिसात देवानंद तिचं मोल करतो एका बाप्याच्या हाताने उचलून, आणि इथे मशीनही दुसऱ्या बाप्याचंच अंग धरून मोजतं.

रागात माणूस धड काही करत नाही. राजदीप पाऊण म्हणाला, हिने अर्धं धरलं. पुढे पुढे अर्ध्यावरही विश्वास राहिला नाही. पडद्यावर काहीही येवो, जळलं काहीच नाही असंच समजायचं, अन् खायचंही तसंच. समोसा सुटला, चहा सुटला, मग रात्रीचा भात सुटला. सोमारी ताट वाढून बसायची. "पोरी, हे काऊन करून राह्यली तू? पोटाले मारून कोनी देवी होत नाई." हिचं एकच, "दसऱ्यापर्यंत, माय."

वजन उतरलं. चांगलं सपाटून उतरलं. पण ते काही आपल्या सांगण्याने उतरत नाही, की कंबरेवरचं जावं आणि गालावरचं राहावं. गाल बसले, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या, मूठभर केस विंचरताना हातात यायला लागले. एकदा मशीनवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. राजदीपने पाणी दिलं, म्हणाला, "बस करा ताई, लई झालं." ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा दांडा धरला.

दसऱ्याला ती नवी साडी नेसून, ठसक्यात, कंपनीच्या ऑफिसात गेली. देवानंद बराच वेळ बघत राहिला. या खेपेला कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

"बारीक झालीस, नाई म्हनत नाई," तो म्हणाला. "पन चेहरा गेला उर्वशी. कितीही रंग लावला तरी पुढच्या रांगेले दिसते ते. नायिका रिंकू करनार. पोस्टरं गेली छापाले."

भिंतीवर मागच्या हंगामाचं पोस्टर होतं, उर्वशीच्याच भरलेल्या चेहऱ्याचं. तिकडे बघायचं तिने टाळलं. आणि मग जे मागायला तिची जुती येणार होती, ते तिने स्वतःच्या तोंडाने मागितलं. "मंग आईचा पार्ट दे."

"तो साधनाले दिला. अन् दिला नसता तरी," देवानंद खाली बघत म्हणाला, "आई कशी भरलेली पायजे. तुले पाहून लोकं म्हनतीन, इच्या पोरानं इले उपाशी ठेवलं."

त्याच्या आवाजात कीव होती. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मग तोच म्हणाला, "प्रॉम्प्टिंग करशीन? तुले सगळे संवाद पाठ राह्यतात." म्हणजे पडद्याआड बसून विसरणाऱ्याला वाक्य सांगायचं. घरी म्हातारी होती, समोर अख्खा हंगाम होता. उर्वशी हो म्हणाली.

त्याच दुपारी तालीम सुरू झाली. ती बाजूच्या खुर्चीवर संहिता घेऊन बसली. रिंकू दिसायला गोड, पोर म्हणून वाईटही नाही, पण निरोपाच्या प्रवेशात अडकली. "तुम्ही जा," एवढं म्हणून थांबली. उर्वशीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाठ सरळ करून, भरल्या गळ्याने, तिने ते वाक्य म्हटलं, "तुम्ही जा, पण जाताना एकदा मागे वळून बघा. मी इथंच उभी आहे." खोलीतले सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. हिरोच्या हातातला चहा तसाच राहिला.

देवानंद जागचा उठला. जवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "एवढ्या जोरात नाई बाई. फक्त तिलेच ऐकू गेलं पायजे."

उर्वशीने मान हलवली, आणि पुढचं वाक्य हळू सांगितलं.