ही एवढी पाळी, नाना

नाना उभ्या माणसाशी बोलत नसत. समोर शेतकरी असो, पुढाऱ्याचा माणूस असो की खात्याचा मोठा साहेब, नाना आधी स्वतः खाली बसायचे आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणायचे, "पहिले बठ. उभा माणूसनं डोकं गरम र्‍हास." साहेबांना 'बठ'ऐवजी 'बसा' म्हणत, एवढाच फरक. मग इस्त्रीच्या पँटसकट साहेबही पाटाच्या भरावावर काळ्या मातीत बसत.

पारोळ्याकडच्या एका पाटबंधारे शाखेत नाना कालवा निरीक्षक होते. मी धुळ्याहून पदविका घेऊन आलेला शाखा अभियंता. वयाने त्यांच्या मुलासारखा, हुद्द्याने वरचा. चारचौघांत ते मला साहेब म्हणत, एरवी भाऊ. पाटाला पाणी सुटलं की प्रत्येक गावाची पाळी ठरलेली असे आणि ठरलेली असूनही दर पाळीला भांडण होई. वरच्या अंगाचे शेतकरी पाटावरचं आपलं पाण्याचं दार बंद करत नसत आणि शेवटच्या टोकाचे काठ्या घेऊन येत. मी जीपमधून उतरायलाही घाबरायचो.

नाना सायकल टेकवून भरावावर टॉवेल अंथरत आणि डबा उघडत. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. "भांडणले बी भूक लागस," म्हणत भाकरीचे तुकडे दोन्हीकडे वाटत. खाऊन झालं की विचारत, "बठ्ठामा म्हतारा कोन शे?" दोन्ही बाजूंचा एकेक म्हातारा पुढे येई. बोलायचं त्या दोघांनीच, बाकीच्यांनी ऐकायचं, हा नानांचा नियम. हे म्हातारे बहुधा एकमेकांचे व्याही नाहीतर शाळेतले सोबती निघत. तरण्यांच्या तोंडी शोभलं असतं ते त्यांच्या तोंडी येत नसे. थोडं कुरकुरत, थोडं हसत दार कधी बंद करायचं ते ठरे.

एकदा मात्र दोन म्हाताऱ्यांत मोठा कोण यावरूनच जुंपली. दोघांच्याही दाखल्यावर तोच एक जून. नाना म्हणाले, "तुमना मास्तरनी बठ्ठा गावले एक जूनलेच जन्माले घाला. दात दखाडा, ज्याले कमी त्यो मोठा." त्या दिवशी भांडायला आलेली माणसं पोट धरून हसत परत गेली.

नानांचा जन्मही गुरुजींनी असाच अंदाजाने एक जूनला लावला होता. त्यामुळे एकतीस मेला निवृत्त झाले तेव्हा त्यांचं खरं वय किती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "कागदवर अठ्ठावन, गुडघामा पासष्ट," म्हणायचे. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, 'नाना कधी थकले नाहीत' अशी भाषणं झाली. नाना बसूनच बोलले. "बठ्ठा म्हणतस, नाना थकना नही. नाना थकना शे, भो. आते नानाले घर जाऊ द्या." आम्ही टाळ्या वाजवल्या. तो विनय आहे असं आम्हाला वाटलं.

घर म्हणजे यावल. तिथे त्यांची एकुलती लेक दिली होती. जावयाने केळीच्या बागेला लागून सासू-सासऱ्यांसाठी खोली बांधून ठेवली होती. दिवाळीनंतर निघायचं ठरलं, आणि नेमकी तेव्हाच रब्बीची पहिली पाळी सुटली. दुसऱ्याच दिवशी टोकाच्या गावाने माझी जीप अडवली. मी तशीच जीप नानांच्या दारात नेली.

ओट्यावर दोघांच्या अंथरुणांची एकच वळकटी सुतळीने बांधून ठेवली होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "ही एवढी पाळी, नाना."

नानांनी वळकटीकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी, अक्का, दारातून म्हणाल्या, "भाऊ, तुमना पाटनं पाणी नानाबिगर पुढे जास नही का?"

मी हसलो. नानांनी चपला पायात घातल्या.

पुढच्या पाळीलाही मी तेच वाक्य म्हणालो, त्याच्या पुढच्यालाही. मधल्या काळात नाना निघायचं ठरवत आणि काही ना काही अडे. दर वेळी मी जाई तेव्हा वळकटी थोडी आत गेलेली दिसे. ओट्यावरून पडवीत, पडवीतून माळ्यावर. नाना जीपमध्ये पुढच्या सीटवर डोळे मिटून बसत. "जीव थकी गया रे, भाऊ," एकदा म्हणाले. मी म्हणालो, "तुमच्यासारखं वजन कुणाला आहे, नाना?" थकलेल्या माणसाला स्तुती हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

खरं सांगायचं तर पाणी त्यांच्याशिवायही पुढे गेलं असतं. दोन-चार भांडणं पेटली असती, अर्ज वर गेले असते, मला जाब विचारला गेला असता आणि मग हळूहळू मी भरावावर बसायला शिकलो असतो. मला ते शिकायचं नव्हतं. जीप पाठवणं सोपं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात अक्का आजारी पडल्या. नानांनी प्रथमच 'येत नाही' असा निरोप पाठवला. मी स्वतः गेलो. अक्का खाटेवर होत्या. या वेळी मला पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नाना आले. दिवसभर उन्हात बसून त्यांनी भांडण मिटवलं. त्याच आठवड्यात अक्का गेल्या. नाना घरी थांबले असते तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याला मी वर्षानुवर्षं धरून आहे. त्याचा आधार मिळत नाही.

लेक न्यायला आली. नाना म्हणाले, "आते कोनासाठे जाऊ?" आणि त्यानंतर ते न बोलावता कार्यालयात येऊ लागले. सकाळी यायचे, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, संध्याकाळी जायचे. लोकांच्या आठवणीत राहिले ते हे नाना.

माझी बढतीवर जळगावला बदली झाली. माझ्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याचा फोन आला, "सर, एक म्हातारे रोज येऊन बसतात. स्टाफ हसतो. त्यांचं येणं बंद करू का?" मी कामात होतो. म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." काही दिवसांनी कळलं की नाना यावलला गेले. वर्ष सरायच्या आत ते वारले, हे त्याहून उशिरा कळलं.

मीही यथावकाश निवृत्त झालो. मला कुणी परत बोलावलं नाही. बोलावण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

मागच्या महिन्यात जळगावात आम्हा निवृत्तांची बैठक होती. निवृत्तीचं वय साठ करावं, ज्येष्ठांचा अनुभव वाया जातो, अशी भाषणं चालली होती. एक जुने सहकारी म्हणाले, "आमच्या नानांना तर वय वाढवायचीही गरज पडली नाही. रिटायर झाले तरी खुर्ची सुटेना!" सगळे हसले. मी उठलो, पुढच्या खुर्चीची पाठ धरली. शेजारचे म्हणाले, "बसून बोला, बसून." मी बसून बोललो. "त्यांना जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. अनुभव त्यांचा होता, सोय माझी होती." मग कुणीतरी म्हणालं, चहा आलाय.

दुसऱ्या दिवशी मी यावलची गाडी धरली. नानांच्या लेकीने मला ओळखलं. तिचेही केस आता पांढरे झालेत. तिने बागेकडची ती खोली दाखवली. म्हणाली, "बाबा आले तेव्हा वळकटी माळ्यावरून काढून जशीच्या तशी आणली होती, दोघांची. शेवटपर्यंत रोज दोन्ही अंथरुणं घालायचे."

मी दारातच उभा होतो. तिने खाटेवरची जागा हाताने झाडली.

"पहिले बठा, भाऊ," ती म्हणाली.

मला बसवेना.