खलफ सोनाराची जमीन

तुर्फा इजिप्तमधल्या फुस्तात शहराच्या सोनारगल्लीतली झारेकरीण. सोनारांनी दारात टाकलेला केर टोपलीत भरायचा, नाईलकाठी नेऊन लाकडी काथवटीत धुवायचा आणि तळाशी राहील ते आपलं म्हणायचं. कधी एखाद्या बाळीपुरतं सोनं मिळे, कधी नुसता खोकला. एवढ्यावर तिनं नवऱ्यामागे मुलाला, बिश्रला, वाढवलं, त्याचं लग्न लावलं आणि वर तीस वर्षं गल्लीत कुणाचं ऐकून घेतलं नाही.

यंदा सलामा नावाच्या पैसेवाल्या झारेकऱ्यानं अख्ख्या गल्लीच्या केराचा मक्ता घेतला आणि तुर्फाची टोपली रिकामी पडली. आता अलेक्झांड्रियाला बिश्रकडे जायचं आणि सुनेच्या हाताखाली उरलेलं आयुष्य काढायचं. पुढच्या शुक्रवारी तो गलबत घेऊन न्यायला येणार होता. मुलगा गुणी, सूनही वाईट नव्हती. तरी त्या विचारानं तुर्फाला अन्न गोड लागेना.

त्याच आठवड्यात खलफ सोनाराची बायको मलाह नवऱ्याचं दुकान रिकामं करत होती. खलफ हिवाळ्यात वारला होता आणि जागेच्या मालकाला तिथं फरशी घालायची होती. हा खलफ पक्का कवडीचुंबक. सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून घरी निघण्याआधी परातीवर दाढी विंचरायचा, हात धुतलेलं पाणीसुद्धा आटवायचा. केर स्वतःच धुवायचा, तुर्फाला त्यानं कधी चिमूटभरही दिला नाही.

तुर्फा मलाहपुढे जाऊन उभी राहिली. "दुकानाची जमीन खणू देतेस?"

मलाह हसायलाच लागली. "अगं, खणून त्यांचा आत्मा सापडेल एक वेळ, सोनं कसलं सापडतंय!"

"निघेल त्यात निम्मं तुझं. आत्मा निघाला तर अख्खा तुझा."

कुदळीचा आवाज ऐकून सलामा धावत आला. "बिश्रच्या आई, मक्ता माझा आहे."

"तुझा मक्ता केराचा. झाडूखालची जमीन लिहिलीय का कागदात?"

सलामानं मान उडवली. "खण बाई. इथली गांडुळंसुद्धा उपाशी मेली असतील."

पहिल्या दिवशी तिनं वीतभर माती काढून धुतली. काही नाही. दुसऱ्या दिवशी कोपरे खरवडले, तिथंही नाही. तिसऱ्या दिवशी बुधवार उजाडला. उद्या फरशीवाले येणार होते. दुपारी मलाहनं बाकल्याची उसळ आणि भाकरी आणली. तुर्फा खड्ड्याच्या कडेला बसली खरी, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सोड गं आता," मलाह म्हणाली. "या जमिनीनं माझीही कंबर मोडलीय. संध्याकाळ झाली की हाक यायची. शिंपड पाणी! वाऱ्यानं सोनं उडेल! एक घडा ओतला की म्हणायचे, आणखी एक. चाळीस वर्षं मी त्या माणसासाठी पाणी वाहिलं."

तुर्फाचा घास हातातच राहिला. "दोन घडे? रोज?"

"शनिवार सोडून. त्या दिवशी दुकान बंद."

"अगं बाई, मग त्यानं झाडलं काय, कपाळ? बारीक सोनं तुझ्या पाण्याबरोबर खाली गेलं!"

तिनं बाह्या सरसावल्या आणि पुन्हा कुदळ घेतली. हातभर खाली नाईलच्या काळ्या गाळाचा चिकट थर लागला. पाणी त्याच्याखाली जाणं शक्य नव्हतं. त्या थरावरची दोन बोटं माती तिनं जपून खरवडली आणि दोघी टोपल्या घेऊन नदीवर गेल्या. तिसऱ्या धुण्याला काथवटीच्या तळाशी पिवळी रेघ उमटली. तुर्फानं काथवट मलाहपुढे धरली. दोघी भर घाटावर रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

गुरुवारी ते बारीक सोनं पाऱ्यात धरून, पारा तापवून उडवून, खारकेएवढा गोळा हाती आला. टांकसाळीच्या पारख्यानं तो कसोटीवर घासला, रेघ निरखली आणि कस उत्तम असल्याचं सांगितलं. मलाहनं आपल्या वाट्याचं सोनं मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाली, "ही त्यांची नाही, माझी कमाई आहे."

बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार? पाणी तर सगळेच शिंपडत होते.

शुक्रवारी बिश्र गलबतातून उतरून आईला शोधत गल्लीत आला. ती अबू मन्सूर सोनाराच्या दुकानात कमरेएवढ्या खड्ड्यात उभी होती. मलाह टोपल्या ओढत होती आणि सलामा दारात उभा राहून भागीदारीची गोष्ट काढत होता.

"आई, चल. गलबत थांबलंय."

"जाऊ दे त्याला," तुर्फा मान वर न करता म्हणाली. "माझ्या अजून अकरा जमिनी खणायच्यात."