खुंटीवरचे गुरुजी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या शाळेत एकाच वर्गाला एकाच वेळी दोन गुरुजी होते, आणि त्यांतले एक वारलेले होते. कृपया हसू नये. हजेरी दोघांचीही चोख होती.

शाळा पोंभुर्ण्याच्या पलीकडे, रानात. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. कुडाच्या भिंतींची एक खोली, सारवलेली जमीन, आणि दाराबाहेर लगेच साग सुरू. त्या खोलीवर मोठ्या गुरुजींनी कैक वर्षं राज्य केलं. त्यांची छडी बांबूची, तेल पाजून काळीभोर केलेली. मारण्याआधी ते ती भिंतीवर दोनदा वाजवत. टक्, टक्. मग कुणाची पाळी आहे ते शोधत. ती शोधाशोध माराहून वाईट होती.

एका पावसाळ्यात हिवतापाने ते गेले. दूरच्या मुलखातले, पाठीमागे कोणी नाही. गावानेच त्यांना पोचवलं. सामान हलवलं, पण छडी फळ्याच्या वर खुंटीला तशीच राहिली. तिला हात लावायला कोण धजणार?

आणि ती वाजायची. वारा असला की वाजायची, हे मी मान्य करते. वारा नसतानाही वाजायची, हे तुम्ही मान्य करा. पाढे म्हणता म्हणता टक्, टक् आलं की सबंध वर्गाची जीभ टाळूला चिकटे. माझ्या शेजारी भुमकाची, म्हणजे गावच्या पुजाऱ्याची, नात बसायची. गोंडीत उत्तर दिलं म्हणून मोठ्या गुरुजींनी तिला एकदा फोडून काढलं होतं. तेव्हापासून ती शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. छडी वाजली की ती उठून थेट जंगलाकडे धावत सुटे.

अशा या दरबारात नवे गुरुजी आले. हडकुळे, मोठ्या कानांचे, आणि हात रिकामे. मारणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. वर्गाने ती संधी अर्थातच सोडली नाही. आम्ही असा धुडगूस घातला की पाटील सुपारी कातरत दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, लेकरायले हातच नाई लावत तुमी. मंग थे शिकतीन कसे?"

नवे गुरुजी म्हणाले, शिकवून पाहतो. पाटलांना हे उत्तर उद्धट वाटलं. डिप्टी साहेब तपासणीला येतील तेव्हा वर्ग शिस्तीत दिसला नाही, तर दुसरे गुरुजी मागू, छडीवाले, असं ते सर्वांसमक्ष सांगून गेले. आमच्या डोक्यावर खुंटीवरच्या छडीने मान डोलावल्यासारखं केलं. टक्.

मग सुरू झाला आमचा नाटकाचा खेळ. वर्गात कसं यायचं, बोलायचं असेल तर हात कसा वर करायचा, पाटी कशी द्यायची, हे नवे गुरुजी आधी स्वतः करून दाखवत, चुकीचंही करून दाखवत, आणि आमच्याकडून तालमी घेत. कुणी नीट केलं की नेमकं काय नीट केलं ते मोठ्याने सांगत, आणि खिशातून चिंचोका काढून दाराशी टांगलेल्या तुंब्यात, म्हणजे वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात, टाकत. तुंबा सगळ्या वर्गाचा. तो भरला की सगळे मोहाच्या झाडाखाली, आणि गुरुजी वाघाची गोष्ट सांगणार, वाघासकट.

भुमकाच्या नातीला मात्र त्यांनी पळू नको असं कधी म्हटलं नाही. ती नेमकी केव्हा उठते ते त्यांनी बरेच दिवस पाहिलं. मग तिची जागा दाराजवळ केली, बाहेर पाण्याची घागर ठेवली. आवाज आला की हात वर कर, जा, पाणी पी, परत ये. चिंचोका न पळण्याबद्दल नव्हता, परत येण्याबद्दल होता. पहिल्यांदा ती परत आली तेव्हा घोटभर पाणी अजून तिच्या गालातच होतं.

एके सकाळी फळ्याच्या चौकटीवर, छडीच्या बरोब्बर खाली, चिंचोक्यांचा ढीग सापडला. तुंब्यातून कोण काढतं, असं नव्या गुरुजींनी विचारलं. शेवटी मीच हात वर करून सांगितलं. आमच्याकडे नवा तांदूळ, मोहाचं पहिलं फूल आधी गेलेल्यांना देतात, मग आपण खायचं. तुंब्यात आमच्या नावाने रोज नवं पडत होतं, आणि मोठ्या गुरुजींचा वाटा काढणारं त्यांचं माणूस नव्हतं. म्हणून ते वाजवतात. म्हणून भुमकाची नात रोज त्यांचा वाटा ठेवते.

मला वाटलं, हे आता हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी खुंटीकडे पाहिलं आणि आम्हाला म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "मोठे गुरुजी आज सकाळपासून शांत बसले. दुसऱ्यांना बोलू दिलं. छान."

आणि त्यांच्या नावाने एक चिंचोका तुंब्यात टाकला.

माझ्या अंगावर तेव्हा आलेला काटा अजून पुरता बसलेला नाही. पुढे रोज शेवटी मोठ्या गुरुजींचं कौतुक होऊ लागलं. छडी वाजली त्या दिवशी नवे गुरुजी काही बोलत नसत. उद्या बघू, एवढंच. वाजणं कमी होत गेलं. वारा होता तसाच होता.

तपासणीचा दिवस आला. साहेब टोपीसकट आत आले, मागे पाटील. आम्ही तालमीबरहुकूम उठलो, बसलो, पाट्या दिल्या. पाटलांचा चेहरा पडत चालला. तेवढ्यात साहेबांना नकाशावर गोदावरी दाखवायची हुक्की आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि खुंटीवरची छडी काढली.

वर्गातली हवा संपली. कोणीतरी मुसमुसायला लागलं. साहेबांनी सवयीने छडी भिंतीवर आपटली, दोनदा. आता सगळे पळणार, आणि नवे गुरुजी जाणार, हे पाटलांनाही कळलं असावं. पळणाऱ्यांना वाट द्यायला ते दारातून बाजूला झाले.

भुमकाच्या नातीने हात वर केला. घागरीकडे मात्र गेली नाही.

साहेबांनी पुढे चांगला शेरा दिला, नवे गुरुजी आमच्याच गावात म्हातारे झाले, आणि ती छडी साहेबांनी त्याच क्षणी, जरा घाईनेच, खुंटीला परत लावली. हे सगळं तिच्या त्या पहिल्या वाक्यामुळे. ते ती खणखणीत ओरडली:

"साहेब, थे ठिवा जी! मोठे गुरुजी आता मारत नाईत, सुधरले थे!"