बावीस खांबांचे गज

गरिबांच्या घरांसाठी आमच्या कार्यालयाने बांधायला काढलेली इमारत निधीअभावी तिसऱ्या मजल्यावर अडली, त्याला चार वर्षं झाली होती. अखेर पुढचा हप्ता आला आणि इंजिनिअरसाहेबांबरोबर मी पाहणीला गेलो. गच्चीवर बावीस खांबांचे गज उघड्यावर उभे होते. ते गंजले असतील तर खांब फोडावे लागणार होते, आणि चौथा मजला पुन्हा लांबणार होता.

आमच्या मागोमाग एक मावशी जिना चढून आल्या. याच कामावर त्यांनी घमेली वाहिली होती. चौथ्या मजल्यावरची एक खोली त्यांना मंजूर होती.

साहेबांनी एका गजावरचा राखाडी थर चाकूने खरवडला. आत लोखंड स्वच्छ होतं. दुसऱ्या खांबालाही तेच.

"हा सिमेंटचा लेप कुणी दिला?"

"मीच. दर दोन महिन्यांनी देते."

"सांगितलं कुणी?"

"मिस्त्री जाताना बोलून गेले होते, गज उघडे ठेवू नका. तुम्ही तर फोटो काढण्यापुरते यायचात."

मी विचारलं, "मावशी, खोली तुमची एक. मग बावीस खांब कशाला?"

"माझी खोली काय एकाच खांबावर उभी राहणार आहे, साहेब?"

उरलेले वीस खांब इंजिनिअरसाहेबांनी एकेक करून तपासले आणि कागदावर लिहिलं, 'खांब फोडण्याची गरज नाही. चौथ्या मजल्याचं काम सुरू करावं.'

उतरताना त्यांनी मावशींना आधी वाट दिली. मीही भिंतीला टेकून बाजूला उभा राहिलो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या आदबीने कुणासाठी उभा राहिलो नव्हतो.