पिसांची चादर

गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे आखूड-सैल करून देणाऱ्या टेलरबाईंना एकच वेड होतं. तळ्याकाठी गळून पडलेली पिसं वेचायची आणि जुन्या कापडावर टाचून त्यांचे पक्षी करायचे. एकेका चित्राला वर्ष लागायचं.

"तुझ्यासाठी पाखरांनी टक्कल करून घ्यावं की काय?" नवरा चिडवायचा. तो तळ्यावरच्या पंपहाऊसात कामाला होता. गावाचं पाणी तोच सोडायचा.

यंदा मात्र एका फेरीतच टोपली भरली. बाई हरखल्या. दुसऱ्या दिवशी पोतंच घेऊन गेल्या. एक लांब पांढरं पीस उचलायला वाकल्या, तर त्याच्यामागून अख्खा पक्षी ओढला गेला. गवतात तसे कितीतरी पडले होते, माना पाण्याकडे टाकून. कुत्रंसुद्धा तोंड लावत नव्हतं.

"अहो, पाण्यात काही मिसळतंय का?" घरी येताच त्यांनी विचारलं.

"कारखान्याच्या सांडपाण्याचा पाट येतो ना तळ्यात. मी वर कळवलंय."

"मग?"

"पंप चालू ठेवा म्हणाले." नवऱ्याने मान वर केली नाही.

बाईंनी शिलाई मशीन झाकलं. पलंगावरची चादर काढली आणि वेचलेल्या पिसांचे पक्षी, तळ्याकाठी जसे पडले होते तसेच, तिच्यावर टाचत गेल्या. बोटं सुजली, कातडी सोलवटली, तरी सुई थांबली नाही. चादर पुरी झाली तशी ती पंपहाऊसच्या फाटकाला टांगली.

लोक जमले. "काय हात आहे हो तुमचा!" एक शेजारीण म्हणाली, "आमच्या हॉलसाठी द्याल अशी करून?"

नवरा मात्र चादरीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग आत गेला आणि त्याने पंप बंद केला.

संध्याकाळी रिकाम्या बादल्या घेऊन सगळी गल्ली फाटकावर चालून आली. कौतुक करणाऱ्या हातांनीच चादर ओढून फाडली. वरच्यांनी नवऱ्याला घरी बसवलं, पंपावर दुसरा माणूस आला.

सकाळी नळ वाहू लागले. समोरच्या घरात बाईंची धाकटी जाऊ लेकीला घेऊन नळाशी बसली होती. बाई अनवाणीच धावल्या.

"अगं, नको देऊस तिला ते पाणी!"

"ताई, तुम्हीपण ना! बघा तरी, काचेसारखं आहे," म्हणत जावेने ओंजळ पोरीच्या तोंडाला लावली.

पोर घटाघटा प्यायली, आणि तिने आणखी मागितलं.