कार्बुरेटरला लावलेलं गंध

आयुधपूजेला आमच्या तंजावरात कोयत्यापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना गंध लागतं, आणि त्या दिवशी त्यांना कुणी कामाला लावत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी एक जुनी विलायती मोटार घेतली. तिच्या पहिल्याच आयुधपूजेला मला फार उत्साह आला. गाडी धुतली, दिव्यांना, चाकांना, स्टिअरिंगला चंदन लावून वर कुंकू टेकवलं, आणि मग बॉनेट उघडलं.

बायको गंधाची वाटी धरून उभी होती. "अहो, बाहेर लावलंत तेवढं पुरे की."

"दिव्यांना मान, आणि गाडी ओढणारं इंजिन उपाशी?" असं म्हणून मी आतही बोटं फिरवली.

माझी थोरली बहीण, अक्का, आणि भावजी नवरात्रासाठी पापनाशमहून आमच्याकडे आले होते. दसऱ्याला शेतातलं पाणी पाहून येतो म्हणून भावजी माझी गाडी घेऊन गावी गेले. परतले ते दिवेलागणीला. गाडी उचक्या देत, फटफट आवाज करत गल्लीत शिरली आणि दारात येऊन बंद पडली.

"जाताना-येताना हेच," भावजी घाम पुसत म्हणाले. "जरा थांबवली की शहाण्यासारखी चालते, थोडी पुढे गेली की परत रडते."

रोगाचं सगळं वर्णन त्यांनी एका वाक्यात केलं होतं. मी ते ऐकलंच नाही. मला एवढंच आठवलं की त्यांच्या शेतावरचा पंप रॉकेलवर चालतो.

"टाकीत काय ओतलंत, भावजी? पंपातलं उरलेलं रॉकेल?"

समोरच्या घराच्या तिण्णईवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, दोघे शेजारी गप्पा मारत बसले होते. त्यांतला एक हसला. "वकीलसाहेबांची उलटतपासणी सुरू झाली!"

भावजी हसले नाहीत. "पंपाला लागतं ते मी पंपाला घालतो. तुझ्या गाडीत पेट्रोलच घातलंय," म्हणाले आणि आत गेले.

लोकांसमोर माझंच खरं ठरावं म्हणून मी तिथल्या तिथे इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग काढला आणि बॅटरीच्या उजेडात धरला. रॉकेल असतं तर त्यावर काळी काजळी धरली असती. प्लगचं टोक राखेसारखं पांढरं होतं. पांढरा प्लग म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोटारवाले त्याला 'लीन' म्हणतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मी ते वाचलेलं होतं.

"काय निघालं?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"अंधारात काय दिसणार," मी म्हणालो आणि प्लग खिशात टाकला.

सकाळी पहिल्या बसनं अक्का आणि भावजी निघाले. दर दिवाळीला अक्काला आणायला मी जात असे. भाऊबिजेला तिनं ओवाळल्याशिवाय माझी दिवाळी होत नसे. दारातून उतरताना ती म्हणाली, "यंदा न्यायला येऊ नकोस."

रविवारी मी गाडीला हात घातला. हवा कमी करणारा चोक ओढला की इंजिन सुधारायचं, म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं. कुठून जादा हवा ओढली जातेय का म्हणून सगळ्या जोडांवर तेलाचे थेंब सोडून पाहिले; आवाजात फरक पडला नाही. पेट्रोल ज्यातून येतं तो बारीक भोकाचा जेट काढून फुंकला, तो स्वच्छ होता. गाडी थोडा वेळ नीट चालून परत उचक्या देऊ लागली. शेवटी चालू इंजिनावरच, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरवरच्या पेट्रोलच्या वाटीचं झाकण सैल केलं. फुस्स आवाज झाला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. झाकण आवळलं, की थोड्या वेळानं परत तेच.

झाकण हातात घेतलं. त्यावर एक बारीक भोक असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं. तसं, वाटीत वरून हवा गेली नाही तर खालून पेट्रोल पुरेसं निघत नाही. ते भोक वाळलेल्या चंदनानं बुजलं होतं. वर कुंकवाचा टिळा, अगदी मधोमध.

बायकोनं वाकून पाहिलं. आतून गरम पाणी आणि झाडूची एक काडी आणून दिली. भोक मोकळं व्हायला फार वेळ लागला नाही.

मग मी पापनाशमला गेलो. वाटेत गाडी एकदाही अडखळली नाही, आणि ती जितकी सुरळीत चालली तितकं मला जड झालं. भावजी पंपाजवळच भेटले. माझं वाक्य तयार होतं: कार्बुरेटरमध्ये कचरा होता.

"कसला कचरा?" त्यांनी विचारलं.

"चंदन. आयुधपूजेचं. मीच लावलं होतं."

ते खदखदून हसले. "अगं, ऐकलंस का? तुझ्या भावानं इंजिनाचं नाक गंधानं बुजवलं!" अक्का घरातून हसत बाहेर आली. तिथेच थांबलो असतो तर सगळं मिटलं असतं.

"भावजी, रॉकेल नव्हतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. प्लग पांढरा होता. मी तो खिशात टाकला."

त्यांचं हसू गेलं. "अक्काला दिवाळीला घेऊन जा," ते म्हणाले. "मी भाऊबिजेला बसनं येईन."

दिवाळीला तंजावरला येताना गाडीत अक्का म्हणाली, "हसत होते की रे ते. पुढचं कशाला बोललास?"

भाऊबिजेला मी गाडी घेऊन बसस्टँडवर उभा राहिलो. भावजी केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन उतरले. मी मागचं दार उघडलं. त्यांनी घड सीटवर नीट ठेवला, दार लावलं.

"केळी ने. मी चालत येतो."

ते पुढे निघाले. मला त्यांना मागे टाकून जाववेना. बसस्टँडपासून राजवाड्याच्या भिंतीकडेनं घरापर्यंत मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून चाललो. एवढ्या संथ चालीतही इंजिन एकदाही बंद पडलं नाही.